जॉकीचा मुलगा : एक कथा, दोन चित्रपट

रत्नागिरीच्या जांभ्याच्या कातळावर रेसचे मैदान नाही. परंतु ज्या गिरणगावात या जिल्ह्याच्या कित्येक पिढ्या राबल्या, त्याच्या शेजारीच १८८३ पासूनचे महालक्ष्मीचे रेसकोर्स असल्यामुळे, घोड्यावर लावलेल्या पगाराची कैफियत येथल्या घरांना परकी वाटू नये. शिवाय पोस्टमनने आणलेली मनिऑर्डर आणि गणपतीला उघडणारी ट्रंक एवढ्याच ऐवजावर ज्या मुलांनी मुंबईतल्या बापाची मूर्ती मनात घडविली, त्यांना ‘अंडर माय स्किन’ या १९५० च्या हॉलिवूडपटातील पोराचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

या चित्रपटाचे मूळ म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘माय ओल्ड मॅन’ ही कथा. १९२२ साली पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावर त्याच्या हस्तलिखितांची पेटी चोरीस गेली, तेव्हा ही कथा एका संपादकाकडे गेलेली असल्यामुळे बचावली आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पहिल्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. वाढत्या वजनाशी झगडणारा, मिलानच्या सान सिरोहून पॅरिसला आलेला बटलर हा जॉकी आपल्याला दिसतो तो त्याचा मुलगा जो याच्या जबानीतून. सँ क्लूच्या मैदानावर क्झार नावाचा अप्रतिम घोडा, जॉर्ज गार्डनर या त्याच्या जॉकीने आवरून धरल्यामुळे, हरतो. आणि आपल्या बापाला हे आधीच ठाऊक होते, त्याने पैसे लावले होते ते जिंकणाऱ्या दुसऱ्याच घोड्यावर, हे पोराला कळते. पुढे बाप स्वतःचा घोडा विकत घेतो आणि ओतेच्या अडथळ्यांच्या शर्यतीत पडून मरतो. मृत्यूनंतर दोन तिऱ्हाईत त्याला लबाड म्हणून मोकळे होतात. तेव्हा ‘तुझा बाप भला होता’ अशी ग्वाही मुलाला देतो कोण? तोच गार्डनर! साक्षीदारच असा निघाल्यावर त्या लेकराने इनसाफ मागावा तरी कोणाकडे? या एका योजनेत हेमिंग्वेची प्रतिभा मला सर्वाधिक जाणवते.

दिग्दर्शक जाँ नेगुलेस्को आणि पटकथाकार केसी रॉबिन्सन यांनी या कथेत एक गुंड आणि एक गायिका आणली, आणि जॉकीला शेवटी गुंडाचा हुकूम झुगारून प्रामाणिकपणे घोडा हाकण्याची संधी दिली. ही दया मला पटत नाही. बापाला निष्कलंक करून मरू दिले की मुलावरचे ओझे प्रेक्षकांच्या समाधानासाठी उतरविले जाते. मूळ कथेत ते त्याला जन्मभर वाहावे लागणार आहे. तथापि जॉकी झालेल्या जॉन गारफिल्डच्या चेहऱ्यावरील थकवा आणि मुलाच्या डोळ्याला डोळा देताना त्याची होणारी चलबिचल पाहिली, म्हणजे पटकथेने झाकलेले पुष्कळसे सत्य या नटाने परत मिळवून दिले असे म्हणावेसे वाटते. पुढे एप्रिल १९५१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साम्यवादी संबंधांविषयी त्याची जबानी झाली. त्याने कोणाची नावे दिली नाहीत, आणि २१ मे १९५२ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो हृदयविकाराने गेला.

याच कथेच्या १९७९ च्या दूरचित्रवाणी-रूपांतरात वॉरन ओट्सच्या जॉकीला मुलगा नाही, मुलगी आहे. आमच्याकडे बापाची बाजू घेऊन भावकीशी भांडणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या असल्यामुळे हा बदल मला मुळीच खटकला नाही. तरी ज्यांना क्रम निवडता येईल त्यांनी कथा आधी वाचावी, आणि मगच गारफिल्डकडे जावे.