संशोधन-अनुदानाचा अर्ज

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज केला. विषय लिहिला, 'नंदगडचा इतिहास'. अर्ज नामंजूर झाला. त्यात निम्मी चूक माझी. मसुदा मीच तपासला होता. इतिहास हा विषय झाला, प्रश्न नव्हे, आणि अनुदान मिळते ते प्रश्नाला. संगोळ्ळी रायण्णास २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडास फाशी देण्यात आले. इंग्रज सरकारच्या लेखी तो बंडखोर, लोकगीतांत मात्र वीर. त्या कागदांत काय आहे आणि गीतांत काय उरले, हा प्रश्न झाला.

प्रश्न ठरला म्हणजे खर्चाचा अंदाजही सुचू लागतो. बेळगाव जिल्हा धारवाडापासून वेगळा झाला १८३६ साली. तेव्हा १८३१ चे कागद धारवाड कलेक्टरीच्या नावाखाली शोधावयाचे आणि मुंबई इलाख्याच्या दप्तरासाठी मुंबईस जावयाचे. आमच्या अर्जात मुंबईचे भाडेच धरले नव्हते! कागद कोठे आहेत याची चौकशी झालेली नाही, हे तपासणारा तेवढ्यावरूनच ओळखतो. गीते कानडी, ती उतरवून घेणाऱ्याचा मेहनताना निराळा धरावा.

दुसरा मसुदा ती आता लिहीत आहे. मुदतीस दोन महिने आहेत. त्यांतले पंधरा दिवस सह्या मिळविण्यातच जातील.