कमी गुणांची किंमत कोण मोजतो?

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लासवाल्यांचे नवे फलक झळकतात. त्यावरच्या नव्वद-पंच्याण्णव टक्केवाल्या चेहऱ्यांकडे पाहून अडुसष्ट टक्के मिळवलेल्या मुलाचे घरचे म्हणतात, ‘आता मेडिकल विसर.’ नियम मात्र असे म्हणत नाही. एमबीबीएससाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला पन्नास टक्के आणि राखीव प्रवर्गाला चाळीस टक्के गुण असले की पुरे. त्यापुढे बारावीच्या अडुसष्टला आणि पंच्याण्णवला सारखीच किंमत. गुणवत्ता यादी लागते ती ‘नीट’ या देशव्यापी प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांवर. त्यातले निम्मे, म्हणजे ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, आणि दोघांचे गुण सारखे पडले तर आधी जीवशास्त्रच पाहिले जाते. गणिती डोक्याची नसली तरी नेटाने वाचणारी मुले इथे बरीच मजल मारू शकतात. परीक्षेला वयाची वरची अट नाही, किती वेळा बसायचे याचीही मर्यादा नाही. तेव्हा बारावीच्या टक्केवारीवरून रडारड करण्यात अर्थ नाही. खरी अडचण पुढेच आहे.

२०२५ साली देशभरात सुमारे २२ लाख विद्यार्थी नीटला बसले आणि १२ लाख ३६ हजारांहून अधिक जण पात्र ठरले. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा होती १४४ गुणांवर, म्हणजे ७२० पैकी जेमतेम वीस टक्के. नियमात ‘पन्नास पर्सेंटाइल’ असे लिहिलेले असते आणि पालक ते पन्नास टक्के समजतात. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे, एवढेच. एमबीबीएसच्या जागा मात्र देशात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या जवळपास निम्म्याच सरकारी. एका जागेमागे दहा पात्र उमेदवार असताना खालच्या क्रमांकावरच्या जागा कोणाला मिळतात? सरकारी महाविद्यालये वरच्या गुणांवरच भरतात. मग खासगी महाविद्यालयांतील राज्य कोट्याच्या जागा, मग त्यांचाच पंधरा टक्के संस्थात्मक कोटा, मग खासगी अभिमत विद्यापीठे, जिथे काही ठिकाणी वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. यादीत खाली उतरावे तसे गुण घटतात आणि फी चढते. कमी गुणांवर डॉक्टर होण्याची सोय आपल्याकडे आहेच, फक्त ती ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठी. माझा आक्षेप कमी गुणांना नाही, या किमतीला आहे.

यावर पहिली हरकत ठरलेली असते: डॉक्टरच्या हाती माणसाचा जीव असतो, तिथे गुणांची सूट कशी चालेल? ही हरकत मला अर्धी मान्य आहे. नीटमध्ये विषयवार किमान गुणांची अट नाही, त्यामुळे भौतिकशास्त्रात जवळजवळ कोरा राहूनही कोणी पात्र ठरू शकतो. एकशे चव्वेचाळीसची रेषा वर सरकली तर मी स्वागतच करीन. पण एक ठाम रेषा ओलांडल्यावर पुढचा एकेक गुण किती सांगतो? २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. वैद्यकीय शिक्षणातील कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे २३ टक्के भाग आधीच्या गुणांवरून समजतो आणि पदवीनंतरच्या कौशल्यातला अवघा ६ टक्के, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या व्यवस्थेलाही हे ठाऊक असावे. नाशिकला म्हसरूळच्या आवारातून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यभरच्या महाविद्यालयांच्या परीक्षा घेते. सरकारी महाविद्यालयातली पहिल्या रांगेतली मुलगी आणि संस्थात्मक कोट्यातून आलेला मुलगा एकच प्रश्नपत्रिका सोडवतात, आणि उत्तरपत्रिकेवर नीटचा क्रमांक नसतो. पहिल्या वर्षाला चारच संधी, सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांच्या आत. रुग्णाचे रक्षण करणारी चाळणी ही आहे, प्रवेशाची नव्हे.

दुसरी हरकत अधिक अवघड. क्रमांक बाजूला ठेवला की वशिला आलाच, असे लोक म्हणतात, आणि आपल्या मुलखाचा अनुभव पाहता ते उगाच म्हणत नाहीत. मुलाखती घ्या, सेवाभाव पाहा, हा उपाय ऐकायला गोड वाटतो. पण १९७९ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात, प्रवेश ठरल्यानंतर कायदेमंडळाच्या सांगण्यावरून पन्नास जागा वाढवाव्या लागल्या आणि आधी नाकारलेल्यांना बोलवावे लागले. ही मुले निवडलेल्यांच्या बरोबरीनेच उत्तीर्ण झाली. मागे वळून पाहता, त्यांना नाकारण्यामागे मुख्यतः मुलाखतीतल्या मतांचा भाग होता. म्हणजे मुलाखतीवर भिस्त ठेवता येत नाही. मग उरतात ते कागदावर तपासता येतील असे निकष. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पूर्वी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असे आणि तिच्यात गांधीविचाराचीही एक प्रश्नपत्रिका असे. नीटने ती पद्धत संपवली. तामिळनाडूने २०२० साली, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. त्या जागांवरही क्रम नीटचाच लागतो, फक्त स्पर्धा सारख्या परिस्थितीतल्या मुलांशी. नाशिकला हे दूरचे उदाहरण वाटू नये. सुरगाणा-पेठकडच्या आश्रमशाळेतली मुलगी आणि गंगापूर रोडवर दोन वर्षे क्लास लावलेला मुलगा यांच्या चारशे गुणांत सारखी मेहनत नसते. आदिवासी आरक्षण काही अंतर भरून काढते, पण जिल्ह्यात आरक्षणाबाहेरचीही गरीब मुले आहेत.

असे निकष येतील तेव्हा येतील, तोवर ज्यांना यंदाच अर्ज भरायचा आहे त्यांनी डोळसपणे भरावा. मोठ्या नावांच्या चार महाविद्यालयांवर पसंतीक्रम थांबवू नये, आडगावचे डॉ. वसंतराव पवार महाविद्यालय किंवा इगतपुरी तालुक्यातले एसएमबीटी यांचा मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचा कटऑफ पाहावा. पंचवटीत आयुर्वेदाचे आणि दंतवैद्यकाचेही महाविद्यालय आहे, मात्र त्यासाठीही नीट लागतेच. परदेशाची जाहिरात पाहून निघणाऱ्यांनी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून आहे ना, हे विचारावे, आणि परतल्यावर ३०० पैकी १५० गुणांची परीक्षा असते हे लक्षात ठेवावे. तिच्यात बहुतेक जण पहिल्या झटक्यात पार होत नाहीत. घरात मुलगी असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर राज्याने २०२४ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून मिळालेल्या जागेला लागू आहे. संस्थात्मक कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही, आणि कमी गुणांवर मिळणाऱ्या जागा नेमक्या तिथेच आहेत.