कुरोश यगमाई: स्वतःच गिटार शिकला आणि इराणमध्येच राहिला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

आधी एक प्रश्न. अमेरिकन रॅपर नॅसचा 2018 चा 'नासिर' अल्बम ऐकलाय? त्यातल्या 'अ‍ॅडम अँड ईव्ह' या गाण्याच्या मागे एक उदास सुरावट सतत फिरत राहते. कान्ये वेस्टनं ती एका जुन्या इराणी रेकॉर्डमधून उचलली आहे. मूळ गाणं 1973 चं, 'गोल-ए-यख'. ते गाणारा आणि त्याची चाल बांधणारा माणूस म्हणजे कुरोश यगमाई. इराणच्या सायकेडेलिक रॉकचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आजचा भाग त्याच्यावर.

सुरुवात संतूरपासून

कुरोशचा जन्म 1946 चा, ईशान्य इराणमधल्या शाहरूदचा. तो दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला संतूर आणून दिलं. म्हणजे पहिली तालीम झाली ती अस्सल इराणी सुरांची. पंधराव्या वर्षी हातात गिटार आली आणि ती मात्र तो स्वतःच शिकला. पुढे त्यानं तेहरानच्या विद्यापीठात समाजशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि त्याच काळात बँडमध्ये वाजवायलाही लागला. साठच्या दशकात तेहरानमधली तरुण पोरं 'बीटल्स' आणि 'व्हेंचर्स' ऐकत होती आणि तशीच गाणी वाजवत होती.

आता इथे एक तांत्रिक गंमत आहे, ती समजून घेऊ. सतारीवर आडवे पडदे असतात ना? हा 'पडदा' शब्द आपल्याकडे फारसीतूनच आला. सतारीचे पडदे थोडे सरकवता येतात. गिटारचे पडदे मात्र कायमचे ठोकलेले असतात आणि ते सप्तकाचे बरोबर बारा समान भाग करतात. इराणी संगीतात या बारा सुरांच्या मधल्या फटीतले सूरही लागतात. संतूरवर ते तारा जुळवतानाच बसवून घेता येतात. गिटारवर ते सूर सरळ सापडतच नाहीत.

मग गिटारवाल्यानं काय करायचं? दोन वाटा आहेत. एक, तार बोटानं ओढून सूर चढवायचा. दुसरी, इराणी सुरावटींपैकी ज्या पाश्चात्त्य मायनर स्केलच्या शेजारी राहतात, त्या निवडायच्या. उदाहरणार्थ, 'इस्फहान' नावाची सुरावट. आपल्या किरवाणी रागाची सवय असलेल्या कानाला ती बरीच ओळखीची वाटेल. यगमाईच्या गाण्यांत मला ही दुसरी वाट जास्त ऐकू येते. चाल इराणी वळणाची आणि तिच्याखाली ड्रम्स, बेस, कीबोर्ड रॉकचे. हे गिटारवर बसवायचं कसं, हे शिकवणारी शाळा तेव्हा नव्हती. म्हणून 'स्वतः शिकला' ही नुसती कौतुकाची ओळ नाही. त्यानं ती वाट स्वतः पाडली.

बर्फातलं फूल

'गोल' म्हणजे फूल. आपल्या गुलकंदातला 'गुल' तोच. 'यख' म्हणजे बर्फ. गोल-ए-यख हे ऐन हिवाळ्यात, पानं झडून गेलेल्या फांदीवर उमलणारं पिवळं फूल. गाण्याचे शब्द महदी अखवान लंगरूदी यांचे आणि विषय एकटेपणा. गिटारच्या सुट्या सुट्या सुरांनी सुरू होणारं हे संथ गाणं इराणमध्ये घरोघरी पोचलं. आजही तिथे नव्यानं गिटार धरणारी मुलं ते हमखास वाजवतात.

त्यानंतर 'हज्म-ए-खाली' (1975) आणि 'सराब-ए-तो' (1977) हे अल्बम आले. सोबतीला कामरान आणि कांबीझ हे भाऊ होते. सगळं जोरात चाललेलं.

मग 1979

इस्लामी क्रांती झाली. पॉप-रॉक बंद. बरेच कलाकार देश सोडून गेले. लॉस एंजेलिसमध्ये तर इराणी पॉपची दुसरी राजधानीच उभी राहिली. कुरोश गेला नाही. गाण्यावर बंदी होती, म्हणून त्यानं लहान मुलांसाठी पुस्तकं आणि कॅसेट्स काढल्या. बघा ना, जो माणूस विशी-तिशीत देशाचा रॉकस्टार होता, त्याची ऐन उमेदीची वर्षं स्वतःचं गाणं लोकांसमोर न आणता गेली. नव्वदच्या दशकात पुन्हा अल्बम निघाले, पण प्रत्येक वेळी सरकारी परवाना हवाच. 'मलिक जमशीद' या अल्बमला तो मिळाला नाही. जमशीद म्हणजे दंतकथेतला तोच राजा, ज्याच्या नावानं आपल्याकडचे पारशी 'जमशेदी नवरोज' साजरा करतात. इराणमध्ये अडकलेला हा अल्बम शेवटी 2016 मध्ये अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' कंपनीनं काढला. याच कंपनीनं 2011 मध्ये त्याची क्रांतीपूर्वीची गाणी 'बॅक फ्रॉम द ब्रिंक' या नावानं एकत्र आणली होती.

आपण काय करायचं?

एक गोष्ट ध्यानात घ्या. साहित्य आणि कलेच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय बर्न करार आहे, त्यात इराण नाही. त्यामुळे इराणी कलाकाराचं जुनं गाणं बाहेर कुणी न विचारता छापलं, तर त्याला दाद मागणं फार अवघड जातं. ज्याला स्वतःच्या देशात गाऊ दिलं नाही, त्याची बाहेरही अशी पंचाईत. म्हणून रीतसर निघालेला, कलाकाराचं नाव नीट छापणारा संग्रह महत्त्वाचा ठरतो.

तर आज रात्री हेडफोन लावा. आधी मूळ 'गोल-ए-यख' ऐका, मग नॅसचं गाणं. क्रम उलटा करू नका! आणि यापुढे एखाद्या रॅपमागची सुरावट आवडली, तर ती मुळात कुणाची हे शोधायला दोन मिनिटं द्या. त्या दोन मिनिटांत तुम्हाला असा एखादा कुरोश भेटू शकतो.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!