मध्यरेषा सोडलेली तुळई

प्रबलित काँक्रीटच्या इमारतीत भूकंपाची खरी कसोटी लागते ती तुळई आणि स्तंभ, म्हणजे बांधकामावरच्या बोलीतले बीम आणि कॉलम, जिथे एकत्र येतात त्या सांध्यात. जमीन हादरू लागली की तुळईतल्या सळया सांध्याच्या एका बाजूने ओढतात, दुसऱ्या बाजूने ढकलतात आणि क्षणार्धात हा क्रम उलटतो. त्यामुळे सांध्याच्या गाभ्यावर प्रत्यक्ष स्तंभातल्यापेक्षा कितीतरी मोठे कर्तनबल, म्हणजे काँक्रीटचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल, येते. त्यातून पडणाऱ्या तिरक्या भेगा दोन्ही दिशांनी उमटत असल्याने फुलीसारख्या दिसतात. सांधा फुटला तर वरच्या मजल्यांचे वजन पेलणारा स्तंभच तिथे दुबळा होतो, आणि सळयांच्या गर्दीत दडलेला तो भाग नंतर दुरुस्त करणे अतिशय अवघड असते.

हे सारे तुळई स्तंभाच्या मधोमध आली असतानाही घडते. परंतु इमारतीच्या बाहेरच्या बाजूला ती बहुधा मधोमध नसते. दर्शनी भिंत सपाट दिसावी, स्तंभ बाहेर डोकावू नये, म्हणून तुळईची बाहेरची कड स्तंभाच्या बाहेरच्या कडेशी जुळवली जाते. दोघांच्या मध्यरेषांमध्ये पडणाऱ्या या अंतराला उत्केंद्रता म्हणतात. तुळईचे बल मग स्तंभाच्या एका कडेनेच सांध्यात शिरते, गाभा उभ्या अक्षाभोवती पिळला जातो, आणि या पिळाचे कर्तन बाहेरच्या कडेवर मूळ कर्तनात मिळते, तर आतल्या कडेवर त्यातून वजा होते. परिणामी बाहेरची बाजू आधी तडकते, तिथले काँक्रीट सुटू लागते, आणि आतली बाजू मात्र आपली पूर्ण ताकद वापरात येण्यापूर्वीच निरुपयोगी ठरते.

16 मे 1968 रोजी उत्तर जपानमध्ये झालेल्या तोकाची-ओकी भूकंपात हाकोदाते येथील एका महाविद्यालयाच्या इमारतीची मोठी हानी झाली आणि तिच्या अभ्यासातून उत्केंद्री तुळयांचा प्रश्न पुढे आला. पुढे जपान, न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत असे सांधे तयार करून मागेपुढे ढकलून पाहण्यात आले. मिशिगन विद्यापीठातल्या राफेल आणि वाइट यांच्या 1995 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, तुळई ज्या कडेला होती त्या कडेच्या रिंगांवर, म्हणजे उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या आडव्या कड्यांवर, अधिक ताण आढळला. इलिनॉय विद्यापीठातल्या शिन आणि लाफेव यांनी 2004 मध्ये स्लॅबसह घेतलेल्या चाचण्यांनी थोडा दिलासाही दिला. तुळईशी एकसंध असलेला स्लॅब बलाचा काही भाग आतल्या बाजूला वळवतो आणि पिळाचा परिणाम सौम्य करतो.

ही उत्केंद्रता किती महाग पडते हे एका उदाहरणावरून कळते. स्तंभ 300 बाय 600 मिलिमीटरचा आहे, त्याची 600 ची बाजू दर्शनी भिंतीला काटकोनात आहे, आणि नऊ इंची भिंतीखालची 230 मिलिमीटर रुंदीची तुळई बाहेरच्या कडेला जुळवली आहे, असे समजू. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या संहितेनुसार सांध्याची परिणामकारक रुंदी तुळईच्या मध्यरेषेपासून स्तंभाच्या जवळच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या दुपटीहून अधिक धरता येत नाही. म्हणजे इथे ती केवळ 230 मिलिमीटर. तीच तुळई मधोमध असती तर तुळईची रुंदी अधिक स्तंभाची 300 ची बाजू या संहितेतल्या दुसऱ्या मर्यादेनुसार 530 मिलिमीटर मिळाले असते. स्तंभ तोच, काँक्रीट तेवढेच, पण हिशेबात धरता येणारी सांध्याची ताकद निम्म्याहून कमी.

भारतीय शहरांत हा पहिल्या क्रमांकाचा दोष आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यात तळमजल्यावरच्या मोकळ्या पार्किंगचा वाटा मोठा होता. मात्र सांध्यात रिंगा नसणे हा दोषही त्या भूकंपात सर्रास दिसला, आणि तो उत्केंद्रतेला येऊन मिळाला की धोका दुणावतो. रिंगा गळण्याचे कारण बांधकामावर उभे राहिले की समजते: स्तंभ तुळईच्या तळापर्यंत भरून झालेला असतो, वर दोन दिशांच्या तुळयांच्या सळया एकमेकींत घुसलेल्या असतात, आणि त्या गर्दीत रिंग सरकवून तिचे आकडे 135 अंशांत वाकवणे फिटरच्या जिवावर येते. आयएस 13920 ही भारतीय संहिता सांध्यातून रिंगा सलग नेण्यास सांगते. रिंगा सलग नेणे ही ऐच्छिक बाब नाही.

उपाय नकाशावरच करावा लागतो. शक्य तिथे तुळई मध्याकडे सरकवावी आणि भिंत तिच्याबाहेर थोडी पुढे घ्यावी, ते शक्य नसेल तर तुळई रुंद करावी, आणि तेही जमत नसेल तर कमी रुंदी धरूनच सांध्याचे गणित मांडावे. दर्शनी भिंतीच्या सपाटपणासाठी सांध्याची निम्मी ताकद देऊन टाकणे हा सौदा भूकंपप्रवण प्रदेशात समर्थनीय नाही. महाराष्ट्रात पुनर्विकासाला निघालेल्या गृहनिर्माण संस्थांनी बाहेरच्या तुळयांच्या सांध्यांचे हे गणित आपल्या संरचना सल्लागाराकडून लेखी मागून घ्यावे आणि प्रत्येक स्लॅब भरण्याआधी सांध्यातल्या रिंगा मोजून घ्याव्यात.