हजेरी, इंटर्नल्स आणि पदक

मैदानाबाहेरच्या नोकऱ्या : लेखांक ८

गेल्या आठवड्यात आपण खेळाडूचा गुडघा सांभाळणाऱ्या फिजिओला भेटलो. या वेळचा माणूस त्याच खेळाडूची मार्कशीट सांभाळतो. आपल्याकडे त्याला अजून धड पदनामही नाही. गरज मात्र जुनी आहे.

एरापल्ली प्रसन्ना जानेवारी १९६२मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले आणि लगेच वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर निघाले. परत आल्यावर इंजिनिअरिंग पूर्ण करायचं, या बोलीवरच वडिलांनी त्यांना सोडलं होतं. प्रसन्नांनी शब्द पाळला. मैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगची पदवी हातात घेतली आणि पुढची कसोटी खेळले ती थेट १९६७मध्ये. ४९ कसोट्यांत १८९ बळी मिळवणाऱ्या ऑफस्पिनरची ऐन उमेदीची पाच वर्षं त्यात गेली. या गोष्टीचं नेहमी कौतुक होतं. मला मात्र ही किंमत अवाच्या सव्वा वाटते.

पुढच्या पिढीला इतकं मोजावं लागलं नाही. अनिल कुंबळे ऑगस्ट १९९०मध्ये मँचेस्टरला पहिली कसोटी खेळले तेव्हा आर. व्ही. कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होते; पुढची कसोटी १९९२मध्ये आली, तोवर पदवी आटोपली होती. राहुल द्रविड १९९१च्या फेब्रुवारीत पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध पहिला रणजी सामना खेळले, ८२ धावा केल्या, तेही कॉलेजात असतानाच. सेंट जोसेफ्समधून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ते एमबीए करत होते, तेवढ्यात भारतीय संघाचं बोलावणं आलं. द्रविडांचं घर मराठी, आई वास्तुकलेच्या प्राध्यापक. अशा घरात ‘सबमिशन कधी आहे रे?’ हे विचारायला वेगळा पगारी माणूस लागत नाही.

पण सगळी घरं तशी नसतात. समजा, खानापूरकडची एक मुलगी पंधराशे मीटर धावते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नाही. खेळाच्या कोट्यातून तिला बंगळुरूत बी.कॉम.ला प्रवेश मिळतो. फी माफ, हॉस्टेल माफ. पहाटे साडेपाचला कंठीरवा स्टेडियमवर सराव, मग बस, मग नऊचा तास. वर्गात अकाउंट्स इंग्रजीतून, मैत्रिणींच्या गप्पा कन्नडमधून, आणि दुपारी डोळ्यांवर झोप. संध्याकाळी पुन्हा ट्रॅक. ही मुलगी नापास झाली तर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा बसतो आणि विषय संपतो. खरं तर पहिल्या महिन्यात कुणीतरी तिच्याशेजारी बसून जर्नल एंट्री मराठीत समजावून सांगितली असती, तर निम्मं काम झालं असतं.

हे कुणीतरी म्हणजेच आपला आजचा माणूस.

त्याचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे वर्षाचं वेळापत्रक. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम हिवाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो आणि नेमक्या त्याच सुमारास सेमिस्टरच्या परीक्षा येतात. त्यात राज्य संघटनेच्या स्पर्धा, राष्ट्रीय शिबिरं. जूनमध्येच दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून कुठे टक्कर होणार हे लाल पेनाने काढून ठेवलं, तर नोव्हेंबरात रडारड होत नाही. बहुतेक ठिकाणी हजेरीची अट ७५ टक्के असते. खेळाडूला ‘ओडी’ मिळते, म्हणजे ऑन ड्यूटी धरून हजेरी लागते. पण ओडीसाठी पत्र लागतं, आणि पत्राचा प्रवास हा एक स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे. संघ जाहीर होतो निघायच्या दोन दिवस आधी. पत्र क्रीडा विभागाकडून विभागप्रमुखांकडे, तिथून ऑफिसात. मुलं तोवर रेल्वेत बसलेली. परत येतात तेव्हा कळतं की एका विषयाच्या सरांपर्यंत पत्र पोचलंच नाही आणि इंटर्नल्सची पहिली चाचणी हुकली. कायद्याने दुसरी संधी असते, पण ती मागायला जायची हिंमत अठरा वर्षांच्या पोरात नसते. शिवाय ओडीने हजेरी मिळते, बुडालेलं प्रॅक्टिकल मिळत नाही. ते भरून काढायची वेळ प्रयोगशाळेतल्या सहायकाशी गोड बोलून ठरवावी लागते. या नोकरीतला बराच वेळ असा लोकांशी गोड बोलण्यात जातो.

अमेरिकेत या कामाचा रीतसर व्यवसाय झाला आहे. तिथल्या सल्लागारांची संघटना १९७५पासून आहे. १९९१मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या शिखर संस्थेने वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांना खेळाडूंसाठी शैक्षणिक सल्ला आणि शिकवणीची सोय सक्तीची केली. खेळत राहायचं तर दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० आणि चौथ्याअखेर ८० टक्के भाग पुरा हवा, असा तिथला दंडक आहे. त्यामुळे सल्लागाराच्या टेबलावर प्रत्येक खेळाडूचा हिशेब उघडाच असतो.

आणि याच व्यवस्थेतून नॉर्थ कॅरोलायनाची भानगड निघाली. चॅपेल हिलच्या त्या नामांकित विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं काही वर्ग फक्त कागदावर भरत होते. तास नाही, प्राध्यापक नाही. एक निबंध द्यायचा आणि कार्यालयातली एक कर्मचारी भरघोस गुण द्यायची. २०१४च्या चौकशी अहवालात लाभार्थ्यांचा आकडा सुमारे ३१०० निघाला, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू. त्यांना या वर्गांकडे वळवणाऱ्यांत खेळाडूंचे शैक्षणिक सल्लागारही होते. आपल्याकडच्या वाचकाला हे फार परकं वाटू नये. ‘असाइनमेंट कुणाकडून तरी लिहून घे, इंटर्नल्सचं मी बघतो’ हे वाक्य कुठल्याही राज्यात ऐकू येतं. म्हणूनच माझं ठाम मत आहे की या माणसाने प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करू नये. त्याचा साहेब प्राचार्य किंवा डीन असावा. रविवारची मॅच जिंकायची घाई असलेल्याकडे सोमवारच्या पेपरची किल्ली देऊ नये.

नोकरी कुठे आहे? खरं सांगायचं तर सरकारी कॉलेजात नाही. यूजीसीच्या नियमांत अध्यापक, ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण संचालक ही पदं आहेत. हे पद नाही. काम पडतं ते शारीरिक शिक्षण संचालकांवर, मैदान आखण्यापासून टी.ए.-डी.ए.च्या बिलांपर्यंत सगळं उरकून झाल्यावर. खासगी विद्यापीठांत चित्र बदलतं आहे, आणि बंगळुरू त्यात पुढे आहे. एप्रिल-मे २०२२मध्ये इथे झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत यजमान जैन विद्यापीठाने २० सुवर्णपदकं जिंकून पहिला क्रमांक मिळवला. पंकज अडवाणी, के. एल. राहुल ही याच शिक्षणसंस्थेची मुलं. एकाच आवारात इतके खेळाडू घेतले की त्यांच्या परीक्षांचं बघायला माणूस नेमावाच लागतो, मग त्याला मेंटॉर म्हणा की कोऑर्डिनेटर. निवासी अकादम्यांनाही अशी माणसं लागतात. मानसशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, नाहीतर एम.पी.एड.बरोबर समुपदेशनाचा अभ्यासक्रम, ही चांगली शिदोरी. स्वतः विद्यापीठ पातळीवर खेळलेलं असेल तर पोरं लवकर ऐकतात. कन्नड बोलता आलं तर ऑफिसातली कामं निम्म्या वेळात होतात. बंगळुरूत नोकरी शोधणाऱ्या मराठी मुलांनी हे मनावर घ्यावं.

नियमांची माहिती हवीच. २०२१च्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे मिळवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. म्हणजे शिबिरासाठी वर्षभर थांबलेल्या मुलाला पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात त्याचं विद्यापीठ काय म्हणतं, हे खिडकीवर जाऊन विचारणारा माणूस लागतो.

पालक विचारतात, पदकं आहेत तर पदवी कशाला? त्यांना मी प्राप्तिकर खात्याची क्रीडा कोट्यातली जाहिरात वाचायला सांगतो. मल्टिटास्किंग स्टाफला दहावी पुरते, स्टेनोग्राफरला बारावी, टॅक्स असिस्टंटला मात्र पदवी लागते. दोन मुलींकडे राष्ट्रीय स्पर्धेचं तेच पदक असलं, तरी एक फाइल वाचते आणि दुसरी ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवते.

(पुढील लेखांकात : पंचगिरीच्या परीक्षा आणि त्यातली कमाई)