तिला भेटायला कोण येतं?

मुलाखतीच्या दिवशी कुठल्याही कारागृहाच्या दाराशी जाऊन बघा. रांग दिसेल ती बायकांची. कुणाचा नवरा आत, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. हातात कपड्यांची पिशवी, कडेवर मूल, आणि ऊन डोक्यावर घेऊन तासन् तास उभ्या. त्याच रांगेत आत असलेल्या बायकोला भेटायला आलेला नवरा मात्र शोधावा लागतो. पुरुष तुरुंगात गेला की घर त्याची वाट बघतं. बाई गेली की घर तिचं नावच टाकतं.

आमच्या चर्चच्या महिला मंडळातल्या आम्ही सहाजणी, दोन सिस्टर्स आणि आमचे पाळक असे मिळून महिन्यातून एकदा जिल्हा कारागृहातल्या बायकांना भेटायला जातो. गावात कळलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला मोठ्यानं, ‘भीती नाही का वाटत?’ दुसरा हळूच, ‘धर्म बदलायला जाता का हो?’

भीतीचं सांगायचं तर बराकीत बसलेल्या बायका तुमच्या-माझ्यासारख्याच असतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला मुलाच्या परीक्षेची काळजी. आणि धर्माचं म्हणाल तर आम्ही जातो ते कारागृहाची रीतसर परवानगी घेऊन. नावं वहीत लिहायची, अंगझडती द्यायची, मोबाइल आणि पर्स बाहेर ठेवायची. चिठ्ठी न्यायची नाही, आणायची नाही. पैसे नाहीत, घरचा डबा नाही. शेजारी महिला शिपाई बसलेली असते. जिला यायचं ती येते, जिला नको ती आपल्या जागी पडून राहते. ‘काय केलंस?’ हा प्रश्न आम्ही कुणालाही विचारत नाही. तो कोर्टाचा प्रश्न.

मग करतो काय? गाणी म्हणतो. नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजनं आपल्या अभंगांच्या वळणाची, त्यामुळे माळकरी घरातल्या बायकाही टाळी धरतात. मग प्रार्थना, आणि नंतर नुसत्या गप्पा. खरं काम त्या गप्पांतच होतं. जिला लिहिता येत नाही तिचं पत्र आम्ही लिहून देतो. ते कारागृहाच्या कार्यालयातूनच तपासून पोस्टात पडतं. उत्तर येईलच असं नाही, पण महिनाभर उत्तराची वाट बघायला तरी काही असतं.

या कामाचं मूळ बायबलमध्ये आहे. भुकेल्याला जेवू घालणं, आजाऱ्याची विचारपूस करणं आणि बंदिवानाला भेटणं म्हणजे मलाच भेटणं, अशी येशूची शिकवण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. बंदिवान निर्दोष असला तरच, अशी अट तिथे नाही. हाच धागा धरून १८१३ मध्ये एलिझाबेथ फ्राय ही लंडनची बाई न्यूगेटच्या तुरुंगात गेली. तिथे बायका आणि त्यांची मुलं अक्षरशः कोंबलेली होती. तिने मुलांसाठी शाळा काढली, बायकांच्या हाती शिवणकाम दिलं आणि १८१७ मध्ये मैत्रिणींना जमवून संस्था उभी केली. बायकांच्या तुरुंगावर पहारा बायकांचाच हवा, हा तिचा आग्रह १८२३ साली इंग्लंडच्या कायद्यात आला. आपल्याकडे १९८१ मध्ये केरळात, पुढे धर्मगुरू झालेल्या दोन विद्यार्थ्यांनी कैद्यांना भेटायला सुरुवात केली. त्यातूनच ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ हे कॅथलिक स्वयंसेवकांचं देशभराचं काम उभं राहिलं.

पण भेटीत किती ताकद असते, ते मला कळलं एका राखीच्या गोष्टीवरून. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात भूमिहीन आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जाताना समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांचा चाकूने खून केला. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू तुरुंगात जाऊन त्याला भेटू लागले. पुढे २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि बहिणीला मारणाऱ्या त्या हातावर तिने राखी बांधली. नंतर त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या घरच्यांनीच अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला आणि केरळात जाऊन त्याने त्यांच्या आईवडिलांची क्षमा मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केलं गेलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

एवढं मन सगळ्यांना जमणार नाही, आणि जमायला हवं असा हट्टही नाही. पण आपण ज्यांना ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळे होतो, त्यांच्यातल्या बहुतेकांचा गुन्हा अजून शाबितच झालेला नाही, हे तरी ध्यानात घ्या. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती, त्यांत बायका २३ हजार ७७२. एकूण कैद्यांपैकी चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. आईबरोबर आत राहणारी लेकरंही त्या वेळी १७०० च्या वर होती. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. ते सातव्यात गेलं की आईला आणखी एक ताटातूट.

आमच्या बराकीत अशीच एक कच्ची कैदी होती. दोन वर्षांत तिला एकही मुलाखत नव्हती. कुठल्याच गप्पांत ती भाग घ्यायची नाही. एका जूनमध्ये मात्र माझ्याजवळ सरकून बसली आणि म्हणाली, “ताई, माझी पोरगी दहावीला होती. पास झाली का, तेवढं कळलं तर बरं होईल.”

अधीक्षकसाहेबांच्या कानावर घालून, त्यांची परवानगी घेऊन आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. सासूने दारातूनच सांगितलं, “ती आमाला मेली. परत येऊ नका.” आम्ही स्टँडवर येऊन बसची वाट बघत बसलो. तेवढ्यात सायकल दामटत पोरगी आली. धाप लागलेली. “आईला सांगा, एकाहत्तर टक्के पडले. आणि तिला म्हणावं, मी विसरले नाही.” एवढं बोलून लगेच वळली.

पुढच्या भेटीत मी तो निरोप शब्दाला शब्द सांगितला. तिने तो माझ्याकडून तीन वेळा वदवून घेतला. मग उठून बराकीत सगळ्यांना सांगत सुटली, “माझ्या पोरीला एकाहत्तर टक्के!” त्या दिवशी बायकांनी आपल्या वाटच्या चहाने तिचं अभिनंदन केलं.

तिचा जामीन कधीच मंजूर झाला होता. अडलं होतं ते जामीनदारापाशी. असल्या वेळी काय करायचं, ते प्रत्येकीला ठाऊक हवं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कुठल्याही स्त्रीला आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेल्या गरीब कच्च्या कैद्यासाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे, तिच्यातून मदत मिळू शकते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला, तर सुटकेची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत.

आम्ही प्राधिकरणात अर्ज दिला, वकील मिळाला, चार महिन्यांनी ती बाहेर आली. सासरचं दार अजून बंदच आहे. सिस्टर्सच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला आहे, आणि लेक महिन्यातून एक रविवार तिच्याकडे येते, घरी न सांगता.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतली, भावकीतली एखादी आत असेल. तिला भेटलं म्हणजे तिच्या गुन्ह्यावर पांघरूण घातलं, असं होत नाही. न्याय कोर्ट करेल, आपण फक्त माणूस म्हणून जायचं. कारागृहाच्या कार्यालयात मुलाखतीचे वार विचारा, तिचं पूर्ण नाव सांगा, आपलं ओळखपत्र जवळ ठेवा. लोक दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरा विषय मिळेल. आणि तिथे काय बोलावं ते सुचत नसेल तर घरच्या बातम्या सांगा. कुणाचं लग्न ठरलं, विहिरीला पाणी किती आहे, तुळस कोण घालतं पाण्यानं. त्याच ऐकायला ती कान लावून बसलेली असते.