वाचनखूण : एका तासाचा हस्तव्यवसाय

शाळेच्या ग्रंथपेटीतील पुस्तके चाळून पाहिली असता पुष्कळ पानांचे कोपरे दुमडलेले आढळतात. वाचन जेथे थांबले तेथे कोपरा मुडपावा, ही मुलांची स्वाभाविक रीत होय. परंतु कागद तंतूंचा बनलेला असतो. घडीच्या रेषेवर ते तंतू मोडतात आणि तीच घडी वारंवार पडली म्हणजे कोपरा गळून पडतो. ‘कोपरा मुडपू नकोस’ एवढे सांगून भागत नाही; मुलाच्या हाती दुसरे साधन दिले पाहिजे. ते साधन म्हणजे वाचनखूण.

याकरिता बाजारातून काही आणण्याची आवश्यकता नाही. लग्नसराईनंतर घरोघरी जाड कागदाच्या पत्रिका पडून असतात. पत्रिकेची सुमारे १५ सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी. वरच्या टोकाशी छिद्र पाडून त्यात रंगीत सुती दोरा ओवावा, म्हणजे पट्टी आत दडली तरी दोरा बाहेर दिसतो. देवतेचे चित्र असलेला भाग मात्र कापू नये. जुन्या पाकिटाचा बंद कोपरा तिरपा कापल्यास पानावर टोपीसारखी बसणारी खूण तयार होते. लहान वर्गांना हीच सोपी. पिंपळाचे पान तीन-चार आठवडे पाण्यात भिजवून मऊ कुंचल्याने गर काढल्यास शिरांची जाळी उरते. ती रद्दी कागदात दाबून वाळवावी व पट्टीवर चिकटवावी. पानातील शिरा पाणी कसे वाहून नेतात, हेही त्या निमित्ताने दाखविता येते.

ओले पान वा फूल थेट पुस्तकात ठेवू नये; त्याने डाग पडतो व बुरशी धरते. टाचणी गंजते, तर काडी किंवा पेन्सिल ठेवल्याने पुस्तकाची शिवण सैल होते. पिठाची खळ पातळ लावून पूर्ण वाळू द्यावी, कारण खळीवर कसर व झुरळे येतात.

नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड आणि लातूर जिल्ह्यातील जळकोट या डोंगराळ भागांत या खुणेचे मोल अधिक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथील अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात व त्यांच्यासमवेत जाणारी मुले कित्येक महिने शाळेस अंतरतात. परतल्यावर आपण कोठवर वाचले होते हे मुलास आठवत नाही, आणि मग वाचनच सुटते. म्हणून अशा मुलाच्या दोन खुणा कराव्यात. दोहोंवर त्याचे नाव, पुस्तकाचे नाव व पानाचा क्रमांक लिहावा. एक मुलासोबत द्यावी. दुसरी शिक्षकांनी जपून ठेवावी, म्हणजे मधल्या काळात ते पुस्तक इतरांनाही वाचता येईल.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी, या दिवसाच्या आधीच, हा तास घ्यावा; पिंपळपाने सप्टेंबरच्या आरंभीच भिजत घालावीत. मूल परत येईल त्या दिवशी त्याची खूण त्याच्या हाती द्यावी आणि त्या पानाच्या एक-दोन पाने आधीपासून त्यास वाचावयास बसवावे.